अठरा फूट आकाश

पहाटे ५:०० · होनोलुलू · उरले ८ तास ४६ मिनिटं

२८ एप्रिल १९८८, गुरुवार. अलोहा एअरलाइन्सच्या तळावर उभ्या असलेल्या बोइंग ७३७-२०० विमानाभोवती सहवैमानिक फेरी मारतो आहे. अजून उजाडलेलं नाही. टायर, इंजिनांची तोंडं, पंखांच्या कडा, कुठे काही गळतंय का, हे सगळं नजरेखालून घालायचं. दिवसाच्या पहिल्या उड्डाणाआधी एवढं करावंच लागतं. देखभाल खात्याची सही वहीत आहे. वावगं काही दिसत नाही.

विमानाचा नोंदणी क्रमांक एन-७३७११. नाव ‘क्वीन लिलिउओकलानी’, हवाईच्या शेवटच्या राणीवरून ठेवलेलं. मे १९६९ मध्ये ते कंपनीत आलं आणि तेव्हापासून बेटावरून बेटावर माणसं पोचवतं आहे. आजचा दिवस संपेल तेव्हा त्याच्या नावावर ३५,४९६ तास आणि ८९,६८० उड्डाणं जमा असतील. उड्डाणांच्या या आकड्यात जगातल्या साऱ्या ७३७ विमानांत त्याचा क्रमांक दुसरा. भागाकार करून पाहिला तर एका उड्डाणाच्या वाट्याला सरासरी २४ मिनिटंसुद्धा येत नाहीत. विमान आखताना बोइंगनं २० वर्षं, ५१,००० तास आणि ७५,००० उड्डाणं असा हिशेब धरला होता. म्हणजे तासांनी मोजलं तर हे विमान अजून उमेदीत होतं आणि उड्डाणांनी मोजलं तर केव्हाच म्हातारं झालेलं. मोठ्या तपासणीचं वेळापत्रक मात्र तासांवर लावलेलं होतं.

उड्डाणांच्या आकड्याला एवढं महत्त्व का? वर गेल्यावर माणसांना श्वास घेता यावा म्हणून केबिनमध्ये हवा दाबून भरतात. त्या दाबानं विमानाचं धड किंचित फुगतं आणि खाली येताना पुन्हा बसतं. लांबच्या मार्गावरचं विमान दहा तासांत एकदा फुगतं. या विमानानं तेवढ्याच तासांत ते पंचवीस वेळा केलं होतं, आणि तेही समुद्राच्या खाऱ्या हवेत.

सकाळभर · सहा उड्डाणं

होनोलुलूहून हिलो आणि परत, माउई आणि परत, कावाई आणि परत. सहाही उड्डाणांत नोंद करण्याजोगं काही घडलं नाही. जे घडत होतं ते डाव्या बाजूला, खिडक्यांच्या थोडं वर, पत्र्याच्या दोन थरांच्या मधे.

विमानाचं धड अॅल्युमिनियमच्या पत्र्यांचं असतं. इथे पत्र्याची जाडी एक मिलिमीटरही नव्हती. एका पत्र्याची कड दुसऱ्यावर सुमारे तीन इंच चढवायची आणि तिथे रिवेटांच्या तीन ओळी मारायच्या, हा झाला ‘लॅप जॉइंट’. बोइंगच्या आखणीत मात्र या सांध्याचं ओझं मुख्यतः चिकटवणीनं पेलायचं होतं, रिवेट जोडीला. इपॉक्सीत भिजवलेलं जाळीदार कापड दोन पत्र्यांच्या मधे घालत. ते भट्टीत न घालता नेहमीच्या तापमानालाच आळत असे, म्हणून या पद्धतीला ‘कोल्ड बाँडिंग’ म्हणत. वापरण्याच्या क्षणापर्यंत ते कापड गोठवून ठेवावं लागे. बाहेर काढताना त्यावर दव धरलं, जास्त वेळ उबेत राहून ते आधीच आळलं, किंवा पत्रा नीट साफ केलेला नसला, की सांधा वरून अगदी व्यवस्थित दिसायचा आणि आत तो धड चिकटलेलाच नसायचा.

न चिकटलेल्या जागी फट राहते. कागदाच्या जाडीचीही नसलेली ही फट पाणी ओढून घेते आणि सोडत नाही. मुंबई-गोव्याच्या किनाऱ्यावर राहणाऱ्याला खाऱ्या हवेचा प्रताप वेगळा सांगायला नको. लोकांची समजूत असते की अॅल्युमिनियमला गंज चढत नाही. शुद्ध अॅल्युमिनियम बऱ्यापैकी टिकतं हे खरं, पण ते मऊ. विमानासाठी त्यात तांबं मिसळून कणखर मिश्रधातू करतात, आणि तेच तांबं त्याला गंजायला सोपं करतं. म्हणून पत्र्याच्या दोन्ही अंगांना शुद्ध अॅल्युमिनियमचा पातळ थर देतात. रिवेटासाठी भोक पाडलं की त्या जागी हा थर कापला जातो, म्हणजे पत्र्याला ताण सर्वांत जास्त असतो नेमक्या तिथेच संरक्षण नसतं.

या गंजाला तांबडा रंग नसतो. तो पांढरट, भुकटीसारखा असतो, आणि ज्या धातूतून तो झाला त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो. दोन पत्र्यांच्या मधे जागा कुठून येणार? तो पत्रे एकमेकांपासून ढकलतो, रिवेटांच्या मधला पत्रा उशीसारखा फुगतो आणि उरलीसुरली चिकटवण सुटत जाते. तिरप्या उजेडात, बाजूनं पाहिलं तर हे फुगवटे ओळखू येतात. अंधारात समोरून पाहिलं तर नाही.

मग गंजानं पत्रा खाऊन टाकला का? नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घेण्याचा आहे. गंजानं फक्त ओझं हलवलं. चिकटवणीनं पेलायचा भार रिवेटांवर आला. या रिवेटांची डोकी पत्र्यात बुडवलेली होती, वाऱ्याला अडथळा नको म्हणून. पत्रा इतका पातळ की डोकं बसवायला केलेला खळगा त्याच्या आरपार गेला आणि भोकाच्या तळाशी सुरीच्या पात्यासारखी धार राहिली. प्रत्येक उड्डाणाला फुगणं आणि बसणं, सारा ताण त्या धारेवर. तिथून केसासारख्या चिरा निघतात. सर्वांत वरच्या ओळीतल्या एका रिवेटाला चीर, शेजारच्याला चीर, त्याच्या शेजारच्याला आणखी एक. पावतीपुस्तकातली पावती सरळ फाटावी म्हणून भोकांची ओळ मारलेली असते, तसा पत्रा आपोआप तयार होत गेला.

सकाळी ११:०० · होनोलुलू · उरले २ तास ४६ मिनिटं

ठरल्याप्रमाणे सहवैमानिक बदलला. आता मॅडलिन टॉम्पकिन्स आल्या. वय ३६, पदरी सुमारे ८,००० तासांचं उड्डाण. कॅप्टन रॉबर्ट शॉर्नस्टाइमर ४४ वर्षांचे. पुढची फेरी माउई, तिथून हिलो, हिलोहून परत होनोलुलू. मधल्या थांब्यांवर वैमानिकांनी खाली उतरून विमान पाहण्याची सक्ती नव्हती.

पण ते उतरले असते तरी काय मोठं झालं असतं? ज्यांना पाहायचं होतं त्यांनी सोळा वर्षं आधीच पाहिलं होतं. चिकटवण टिकत नाही हे बोइंगला कळलं होतं. १९७२ मध्ये कारखान्यानं ती पद्धत सोडली. २९२ व्या विमानापासून सांध्यात सीलंट आलं. राणीचं नाव असलेलं हे विमान १५२ वं. आधीच्या २९१ विमानांचं काय करायचं? त्यांच्या मालकांना सेवासूचना गेली: सांधे तपासत राहा, गंज किंवा सुटलेली चिकटवण आढळली तर दुरुस्त करा.

माझ्या मते या अपघाताची वेळ तिथूनच मोजायला हवी. दोष कारखान्यात तयार झाला, कारखान्यानं तो ओळखला, पुढच्या विमानांतून तो काढलाही. आणि बाहेर गेलेल्या विमानांतला दोष तपासनिसाच्या डोळ्यांवर सोपवला. सांधा उकलून नवा करा, रिवेट बदला, विषय संपवा, असं कुणी म्हटलं नाही. ‘पाहत राहा’ हे स्वस्त असतं, पण ते कधी संपत नाही.

तो डोळा कोणत्या परिस्थितीत काम करत होता तेही सांगितलं पाहिजे. दिवसा विमान उडतं, म्हणून तपासणी रात्री. संपूर्ण विमान उघडून पाहण्याच्या मोठ्या तपासणीचे अलोहानं ५२ तुकडे केले होते आणि ते वर्षानुवर्षं रात्रीच्या थोड्या थोड्या तासांत उरकले जात. त्यामुळे संपूर्ण विमान एकाच वेळी, एकाच माणसाच्या नजरेसमोर उघडं पडलं असं होत नसे. धडाच्या माथ्यावर चढायचं तर हँगरच्या छताला दोर बांधून स्वतःला अडकवून घ्यायचं, एका हातात दिवा, दुसऱ्या हातात चिरा शोधणारं एडी करंटचं उपकरण, आणि एकामागून एक रिवेट पाहत जायचं. शेकडो रिवेटांत काही सापडलं नाही की पुढच्यातही काही नसणार असं मन आधीच ठरवून मोकळं होतं. याला आळस म्हणणं सोपं आहे, पण माणसाचा डोळा असाच चालतो.

त्यात कागदानं त्या डोळ्याला एकच जागा दाखवली. ऑगस्ट १९८७ मध्ये बोइंगनं सूचना कडक केली आणि अनेक सांधे तपासायला सांगितले. अमेरिकेच्या हवाई नियामकानं, एफएएनं, नोव्हेंबरपासून तो आदेश केला, पण फक्त एस-४ या सांध्यांपुरता. माथ्याजवळचे दोन, एक डावा, एक उजवा. अलोहानं १२ नोव्हेंबरला या विमानाचे एस-४ सांधे तपासले. आदेश पाळला गेला. पावतीपुस्तकासारखा झालेला सांधा होता एस-१०, डावीकडचा. त्याच सुमारास बोइंगच्या माणसांनी अलोहाची जुनी विमानं येऊन पाहिली होती आणि जास्त उडालेली विमानं सेवेतून काढून पूर्ण उघडून दुरुस्त करावीत असा सल्ला दिला होता. पण बेटाबेटांत रोज माणसं नेणाऱ्या छोट्या कंपनीला एकेक विमान आठवडेच्या आठवडे जमिनीवर ठेवणं म्हणजे धंद्याचाच प्रश्न.

जगाला इशारा मिळाला नव्हता असंही नाही. २२ ऑगस्ट १९८१ रोजी तैवानमध्ये फार ईस्टर्न कंपनीचं ७३७ हवेत तुटलं आणि ११० जणांपैकी कुणीही वाचलं नाही. जपानी लेखिका कुनिको मुकोदा त्या विमानात होत्या. पोटाकडच्या पत्र्याला गंजानं पोखरलं होतं. त्याच दिवशी सकाळी दाब टिकत नाही म्हणून ते एकदा अर्ध्या वाटेतून परत आलं होतं. दुरुस्त करून पुन्हा उडालं आणि चौदा मिनिटांनी संपलं.

दुपारी १ नंतर · हिलो

प्रवासी चढत आहेत. चढताना एका बाईंची नजर दाराजवळच्या पत्र्यावर गेली. रिवेटांच्या वरच्या ओळीवरून एक आडवी चीर चाललेली त्यांना दिसली. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत. जागेवर जाऊन बसल्या. हे त्यांनी अपघातानंतर तपास पथकाला सांगितलं.

या प्रसंगाची चर्चा फार होते, आणि बहुतेक वेळा त्या बाईंना दोष देण्याच्या सुरात. मला ते पटत नाही. विमानाच्या दारात उभं राहून ‘ही चीर कसली?’ असं विचारायला आपल्यापैकी किती जणांची जीभ उचलेल? पाहणं हेच ज्यांचं काम, त्या सगळ्यांनी पाहिलं असणारच, असं प्रवासी धरून चालतो. तसं धरून चाललो नाही तर कुणी चढणारच नाही.

दुपारी १:२५ · हिलो · उरली २१ मिनिटं

दिवसाचं नववं उड्डाण. हवा स्वच्छ. विमानात ८९ प्रवासी, दोन वैमानिक, तीन विमानसेविका आणि कॉकपिटमधल्या जादा आसनावर एक हवाई नियंत्रक. विमान टॉम्पकिन्स चालवत आहेत.

केबिनमध्ये दाब वाढतो आहे. सेविकांनी पेयं द्यायला सुरुवात केली आहे. पट्टे बांधून ठेवण्याची खूण अजून विझलेली नाही, म्हणून सगळे प्रवासी जागेवर पट्टा लावून बसलेले आहेत. पुढच्या काही मिनिटांत जे वाचले ते त्या खुणेमुळे.

दुपारी १:४६ · २४,००० फूट

विमान नुकतंच सपाट झालं होतं. दोन्ही वैमानिकांनी मागे फाडकन आवाज ऐकला आणि पाठोपाठ वाऱ्याचा लोट. टॉम्पकिन्सचं डोकं मागे खेचलं गेलं. कॉकपिटमध्ये राखाडी इन्सुलेशनचे तुकडे तरंगू लागले. कॅप्टननं वळून पाहिलं तर कॉकपिटचं दार नव्हतं, आणि पहिल्या वर्गाचं छत असायला हवं तिथे निळं आकाश होतं. पुढच्या दारामागून सुमारे १८ फूट लांबीचं छत आणि दोन्ही भिंती, खालच्या फरशीच्या पातळीपर्यंत, निघून गेल्या होत्या.

असं होऊ नये याची तजवीज आखणीतच होती. पत्र्याच्या आतून ठरावीक अंतरावर आडव्या पट्ट्या लावलेल्या असत. चीर वाढत आली की पट्टीपाशी तिनं वळावं, पत्र्याचा एक तुकडा झडपेसारखा उघडावा, दाब निघून जावा आणि विमान सुखरूप उतरावं. ही कल्पना उत्तम होती आणि कसोटीला उतरलेली होती. पण कसोटी घेतली होती चांगल्या पत्र्यावर, एका मोठ्या चिरेची. शेजारी शेजारी आधीच आलेल्या अनेक बारीक चिरा एकदम जुळल्या तर काय, हा प्रश्न त्या कसोटीत नव्हता. शिवाय या पट्ट्याही चिकटवलेल्याच होत्या.

क्लॅराबेल लान्सिंग पाचव्या रांगेपाशी उभ्या होत्या. वय ५८, कंपनीत ३७ वर्षं. त्या क्षणी त्या बाहेर फेकल्या गेल्या. दुसऱ्या सेविकेच्या डोक्याला मार लागून ती खाली पडली. तिसरी मागे होती. ती वाऱ्यात सरपटत, आसनं धरत, प्रवाशांना धीर देत पुढे सरकली.

१:४८ ते १:५८ · माउईकडे

कॅप्टननं विमान हाती घेतलं, मुखवटा चढवला आणि ते वेगानं खाली आणलं. एका क्षणी मिनिटाला ४,१०० फुटांच्या गतीनं. प्रवाशांच्या प्राणवायूच्या नळ्या तुटलेल्या, त्यामुळे खाली येणं हाच इलाज. वाऱ्याच्या आवाजात दोघं एकमेकांशी हातवाऱ्यांनी बोलत होते. टॉम्पकिन्सनी संकटाचा ७७०० हा कोड लावला. रडारवर तो १:४८:१५ ला उमटला, माउईच्या काहुलुई विमानतळापासून सुमारे २३ सागरी मैलांवर. वीस सेकंदांनी त्यांनी टॉवरला हाक दिली. टॉवरला बोलणं धड ऐकू जात नव्हतं. रुग्णवाहिका बोलवाव्यात इतकं हे गंभीर आहे, हे तिथे लवकर ध्यानात आलं नाही.

वेग १७० नॉटच्या खाली नेला की विमान हाताबाहेर जाऊ पाहत होतं, म्हणून त्याच वेगानं उतरायचं ठरलं. पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. मग डावं इंजिन बंद पडलं, पुन्हा सुरू होईना. फरशीखालचे आडवे बीम मोडले होते आणि त्यांच्या हिसक्यानं इंजिनाकडे जाणाऱ्या तारा तुटल्या होत्या. नंतर पाहिलं तेव्हा त्या तारांवरही गंज सापडला.

१:५८:४५ ला चाकं धावपट्टीला लागली. पुढचं चाक खरं तर बरोबर बसलेलं होतं. ६५ जण जखमी, त्यांतले ८ गंभीर. बेटावर रुग्णवाहिका दोनच, म्हणून पर्यटकांच्या गाड्यांतून माणसं रुग्णालयात पोचवली गेली.

त्यानंतर

तटरक्षक दलानं तीन दिवस समुद्र शोधला. लान्सिंग सापडल्या नाहीत. उडालेलं छतही सापडलं नाही. म्हणून तपास झाला तो उरलेल्या पत्र्यावरून आणि त्याच्या भावंडांवरून. अलोहाच्या जास्त उडालेल्या आणखी दोन ७३७ उघडल्यावर दुरुस्ती परवडण्याच्या पलीकडची ठरली आणि मोडीत निघाली. ती तोवर रोज माणसं नेत होती.

राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचा अहवाल जून १९८९ मध्ये आला. मुख्य ठपका अलोहाच्या देखभालीवर: सुटलेली चिकटवण आणि चिरा त्यांना सापडायला हव्या होत्या. आदेश एस-४ पुरता ठेवल्याबद्दल एफएएवर. आणि १९७२ नंतरही कायमचा इलाज न करणाऱ्या बोइंगवर, तो सक्तीचा न करणाऱ्या एफएएवर पुन्हा एकदा. कारणांच्या या वाटणीवर मंडळातल्या एका सदस्यानं असहमती नोंदवली होती. मला विचाराल तर कायमच्या इलाजाचा मुद्दा पहिला यायला हवा होता.

काम मात्र त्या दिशेनंच झालं. जुन्या विमानांसाठी गंज रोखण्याचे कार्यक्रम सक्तीचे झाले. ७३७ साठी १९९० मध्ये. त्यात काय काय आलं ते ऐकायला अगदी घरगुती वाटेल. संडास आणि पँट्रीखालच्या फरश्या उचला, कारण सांडलेलं पाणी आणि लघवी यांच्याइतका विमानाच्या सांगाड्याचा शत्रू दुसरा नाही. पाणी निचरणारी भोकं मोकळी ठेवा. इन्सुलेशनच्या गाद्या ओल्या असतील तर काढा. सांधे सीलंटनं बंद करा, फटींत शिरून पाणी हाकलणारं गंजरोधक तेल फवारा, आणि ते ठरावीक काळानं पुन्हा फवारा, कारण ते उडून जातं. समुद्रावर कमी उंचीवरून उडणारी विमानं परतल्यावर गोड्या पाण्यानं धुण्याची पद्धत नौदलांत आहे, तीही याच जातीची. आणि सापडलेल्या गंजाला प्रतवारी आली: पहिल्या पायरीचा असेल तर पुसून-घासून पुढे जा; तिसऱ्या पायरीचा, म्हणजे उड्डाणाच्या सुरक्षेलाच धोका असणारा असेल, तर तातडीनं कळवा आणि त्या जातीच्या इतर विमानांचंही पाहा. कार्यक्रम नीट चालला आहे की नाही हे ओळखायचं मापही यातूनच मिळालं: गंज नेहमी पहिल्या पायरीवरच सापडला पाहिजे.

त्या २९१ विमानांपैकी जी उडत होती, त्यांच्या सांध्यांची वरची ओळ उपटून बुडव्या रिवेटांच्या जागी डोकं वर राहणारे, जरा जाड रिवेट बसवण्याचा आदेश निघाला. खळगा गेला, धार गेली. वाऱ्याला थोडा अडथळा झाला असेल, तेवढाच. १९७२ मध्येही हे करता आलं असतं.

२०१० मध्ये एफएएनं आणखी एक नियम केला. मोठ्या प्रवासी विमानाच्या प्रत्येक नमुन्याला बनवणाऱ्यानं उड्डाणांची किंवा तासांची एक हद्द लावून द्यायची. चाचण्यांनी आणि विश्लेषणानं ती हद्द वाढवून घेतली नाही, तर तिच्यापुढे ते विमान उडवायचं नाही, मग तपासनिसाला त्यात काही सापडलेलं असो वा नसो.